पाथरीचं गणित, मुंबईची माशी

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात एका शब्दावरून तीन दिवस गोंधळ चालला होता. भाचीनं बेंगळुरूहून आलेला ई-मेल वाचून दाखवला. पीएचडीला तिची निवड झाली होती. विषय, काँप्युटेशनल न्यूरोसायन्स. माझ्या मेहुण्यांचं मानवतला सरकी-पेंडीचं दुकान आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मतलब डॉक्टर? इंजेक्शन देनेवाली?" भाची म्हणाली, तसली नाही. "फिर कंप्यूटर?" तसलंही पूर्ण नाही. मेहुणे गप्प झाले. पोरगी तेवीस वर्षांची, शिक्षण अजून पाच-सहा वर्षांचं, आणि शेवटी काय होणार ते एका शब्दात सांगता येत नाही. ज्याच्याकडे दर आठवड्याला एक तरी स्थळ सांगून येतं, त्या बापानं गप्प नाही तर काय व्हावं?

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञान दहावीपुरतं. घरात शिकलेला मामू म्हणून समजावून सांगण्याचं काम माझ्यावर आलं. त्यासाठी दोन महिने जे वाचलं, विचारलं, ते इथं मांडतोय. आमच्या घरापुरतं हे प्रकरण मिटलं, पण परभणी, जिंतूर, सेलूकडच्या अनेक घरांत हाच प्रश्न पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी शब्दावरून येणार आहे.

सुरुवात शब्दापासूनच केली. मराठीत काय म्हणायचं? संगणकीय मेंदूविज्ञान? चेताविज्ञान? अडचण अशी की 'संगणकीय' म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्र येतं. खरा अर्थ 'गणन' असा आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या विजेच्या आणि रसायनांच्या भाषेत बोलतात, ती भाषा समीकरणांत मांडायची आणि मग त्या समीकरणांकडून मेंदू कसा वागेल हे काढून पाहायचं. संगणक हे त्यातलं हत्यार. हे नाव तसं नवीन आहे. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथं एरिक श्वार्ट्झ यांनी एक परिषद भरवली, तिच्यापासून ते रुळलं.

नावं पाडण्याचा हा उद्योग आमच्या भागाला नवा नाही. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचं ठरलं. त्यासाठी आदल्या वर्षीच 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतराचं खातं काढलं होतं. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. गणित, रसायन, वैद्यक, कायदा, सगळ्यांसाठी तिथं उर्दू शब्द घडवले गेले. एकेका शब्दावर बैठका होत. रझिउद्दीन सिद्दिकी नावाचे हैदराबादी गणिती जर्मनीत लाइपझिगहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि उस्मानियात अगदी नवं भौतिकशास्त्र उर्दूतून शिकवू लागले. माझे आजोबा त्या काळचे मॅट्रिक. त्यांच्या बीजगणिताच्या उर्दू वहीत 'जब्र-ओ-मुकाबला' असं लिहिलेलं मी लहानपणी पाहिलंय. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते सगळं विस्कटलं. आमच्या आधीच्या पिढीला दोन-तीन वर्षांत शाळेची भाषा बदलावी लागली, आणि कित्येकांचं शिक्षण त्या वळणावरच सुटलं. या विषयावर वेगळं लिहायला हवं.

'जब्र' म्हटलं की अल-ख्वारिझ्मी आठवणारच. नवव्या शतकातले बगदादचे गणिती. त्यांच्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा' आला आणि त्यांच्या स्वतःच्या नावाच्या लॅटिन रूपातून 'अल्गोरिदम'. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर जगातला प्रत्येक शोध मुसलमानांनीच लावला असं सांगणारे संदेश फिरतात, दुसऱ्या बाजूला पुष्पक विमानाचे फिरतात. मला दोन्हींचा कंटाळा आहे. ख्वारिझ्मींनी मेंदूचं गणित मांडलं नव्हतं. त्यांनी पायरी-पायरीनं हिशेब सोडवायची पद्धत लिहून ठेवली आणि दहा अंकांची हिंदुस्थानी मोजणी पश्चिमेकडे पोचवली. तेवढं पुरेसं मोठं आहे.

पण मला खरा धक्का बसला तो आमच्याच जिल्ह्यात. पाथरीला आज लोक साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे ओळखतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती निजामशाहीमुळे ठाऊक असते. फरिश्ता लिहितो की अहमदनगरच्या सुलतानांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी ब्राह्मण होते, आणि या वडिलोपार्जित गावासाठी बुऱ्हाण निजामशाहनं वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. त्याच काळात त्याच गावात, संस्कृतात ज्याला पार्थपूर म्हणत, ज्ञानराज नावाचे ज्योतिर्विद राहत होते. १५०३ साली त्यांनी 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वर टीका लिहिल्या. तीच 'लीलावती' पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीनं फारसीत नेली, आणि 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर शहाजहानच्या काळात झालं.

मी परभणीत वाढलो, पाथरीला शेकडो वेळा गेलो, तिथं आमची थोडी जमीन होती. ज्ञानराज हे नाव मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, भाचीच्या निमित्तानं वाचलं. शाळेत मी निजामशाहीच्या लढाया शिकवतो. त्या लढाया ज्या गावासाठी झाल्या, त्या गावात कुणी बीजगणित सोडवत बसलं होतं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

आता मेंदूकडे येतो. या विषयाची कहाणी माशांपासून सुरू होते, समुद्रातल्या आणि घरातल्या. समुद्रातला तो माकूळ. त्याच्या अंगात एक चेतातंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इंग्लंडमध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी या तंतूवर प्रयोग केले. पेशीच्या पडद्यातून सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि त्यातून विजेची एक लाट तंतूवरून धावते, हे त्यांनी मोजलं आणि चार समीकरणांत मांडलं. समीकरणं सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक दुरुस्तीसाठी सहा महिने बंद! मग हक्सली हातानं दांडा फिरवायचं ब्रुन्स्विगा यंत्र घेऊन बसले. तंतूवरून धावणाऱ्या एका लाटेचा हिशेब करायला त्यांना तीन आठवडे लागले. खरी लाट काही मिलिसेकंदांत संपते. कागदावर आलेली लाट आणि माकुळाच्या अंगात मोजलेली लाट जुळली. १९५२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९६३ मध्ये नोबेल मिळालं. मेहुण्यांना हा किस्सा फार आवडला. त्यांच्या दुकानातही वीज गेली की हातानंच हिशेब होतो.

दुसरी माशी मुंबईची. इथं मला ओबैद सिद्दिकी भेटले. १९३२ साली उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यात जन्म, शिक्षण अलीगढला. डाव्या विद्यार्थी चळवळीत होते म्हणून तुरुंगही पाहिला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करत होते, तर गारपीट आली आणि प्रयोगाचं सगळं पीक आडवं झालं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे गारपिटीनंतर माणूस पंचनाम्याची वाट पाहतो. सिद्दिकी ग्लासगोला गेले, पॉन्टेकॉर्व्हो यांच्या हाताखाली बुरशीच्या जनुकांवर डॉक्टरेट केली. पुढे लिओ झिलार्ड यांनी होमी भाभांकडे त्यांच्या नावाची शिफारस केली आणि १९६२ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि गणितज्ञांच्या संस्थेत, कुलाब्याला समुद्राच्या काठी, एक जीवशास्त्रज्ञ.

१९७० च्या दशकात त्यांनी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासोबत फळमाशीवर काम केलं. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते ती बारीक माशी. या माशांच्या काही जाती अशा असतात की तापमान वाढलं की जागच्या जागी लुळ्या पडतात आणि गार केलं की पुन्हा उडू लागतात. 'पॅरा' नावाची अशी एक जात सुझुकी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये नोंदवली होती. ती २९ अंशांच्या आसपास पडते. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेही तेवढं असतं. 'कोमॅटोझ' नावाची दुसरी जात पडली की बराच वेळ उठत नाही. या माशांच्या चेतातंतूंत नेमकं काय बिघडतं, यावर सिद्दिकी आणि बेंझर यांचा निबंध १९७६ मध्ये आला. नंतर कळलं की 'पॅरा'मध्ये बिघडलेला असतो तो सोडियमचा दरवाजा. हॉजकिन-हक्सलींनी समीकरणात मांडलेला तोच.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी माशीला वास कसा कळतो, चव कशी कळते हा प्रश्न हाती घेतला. त्यांचा लेख वाचून आयर्लंडमध्ये शिकत असलेल्या एका मुलीनं त्यांना पत्र लिहिलं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, कॉलेज युगांडात, आणि इदी अमीनच्या राजवटीत तिथून निघावं लागलेलं. ज्या देशात ती कधी राहिली नव्हती, त्या देशात ती पीएचडी करायला आली. वास न कळणाऱ्या माशा शोधून काढण्याचं पायाभूत काम तिचं. पुढे ती त्याच संस्थेत प्राध्यापक झाली. २०१० मध्ये कर्करोगानं गेली. मी भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, सिद्दिकींपेक्षा व्हेरोनिकाबद्दल जास्त सांगितलं. बहिणीनं एकच विचारलं, "अकेली आयी थी?" हो, एकटी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दिकींनी या कामाचं बेंगळुरूला स्वतंत्र केंद्र केलं, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. ते उभं राहिलं तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात. आमच्या परभणीतही १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या फाटकासमोरून जाताना मला आता उगाच हेवा वाटतो. उपिंदर भल्ला तिथं १९९६ पासून आहेत. कॅल्टेकमध्ये डॉक्टरेट करताना चेतापेशींची नक्कल संगणकावर चालवणाऱ्या 'जेनेसिस' या प्रणालीच्या सुरुवातीच्या कर्त्यांपैकी ते एक. पुण्यात २००६ मध्ये आयसर निघाली, तिथं सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी हे काम करतात. म्हणजे हा विषय आता परभणीपासून एका रात्रीच्या गाडीवर आला आहे. सिद्दिकी २०१३ मध्ये बेंगळुरूत रस्त्यावरच्या अपघातानंतर वारले. सरोद वाजवायचे. त्यांच्या पत्नी आसिया सिद्दिकी इतिहासकार, जुन्या मुंबईच्या समाजावर त्यांचं काम आहे. त्यांचं मी वाचलं होतं. नवऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यातल्या लोकांचं हे असंच.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग भाची म्हणाली, "मामू, मुझे मिरगी पे काम करना है."

घरात कुणी बोललं नाही. तिला हे कुठून आलं ते सगळ्यांना माहीत होतं.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना पाथरीकडच्या शेतात विहिरीत पडून गेला. ते १९८३ चं साल, मे महिना. त्याला लहानपणी ताप आला की झटके यायचे, नंतर तापाशिवायही येऊ लागले. दवाखान्यातून गार्डिनलच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यानं झटके कमी झाले, पण पोरगं दिवसभर पेंगायचं. नात्यातल्या एका बुजुर्गानं सांगितलं, हा आजार नाही, हा असर आहे. मग एका दर्ग्यावर नेलं, तावीज बांधला, आणि गोळ्या बंद केल्या. कुणी फसवलं नाही. कुणी पैसे घेतले नाहीत. आम्हीच बंद केल्या. या गोळ्या एकदम थांबवल्या की झटके जोरानं उलटतात, हे मला गेल्या वर्षी कळलं. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मी चौदा वर्षांचा होतो आणि आंब्याच्या झाडावर होतो.

भाचीनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, तिच्या नानीकडून. झाडाचा भाग सोडून. तो मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तिनं मला जे समजावलं ते असं. २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना दिसलं की लहान मुलांतल्या एका कठीण मिरगीत, ज्यात ताप आला की झटके येतात, त्याच सोडियमच्या दरवाज्याचं माणसातलं जनुक बिघडलेलं असतं. मी म्हटलं, पण माशी तर लुळी पडते, आणि माणूस थडथडतो. उलटंच झालं की. ती म्हणाली, तेच तर गणित आहे. मेंदूत काही पेशी इतरांना जागवतात, काही आवरतात. दरवाजा बिघडला की आवरणाऱ्या पेशी आधी थकतात. लगाम सुटतो. एक पेशी मंद झाली आणि सगळा मेंदू मात्र भडकला. एकेका पेशीकडे पाहून हे कळत नाही, हजारो पेशींची समीकरणं एकत्र सोडवली की दिसतं. फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये आला, त्यात जवळपास १ लाख ४० हजार पेशी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. हे काम कुणा हक्सलीनं दांडा फिरवून होण्यातलं नाही. भावाला हीच मिरगी होती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आता ते सांगता येणार नाही. तिनं खोटा दिलासा दिला नाही, हे मला बरं वाटलं.

पैशाचंही सांगायला हवं. सच्चर समितीनंतर, २००९ पासून, अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं ती बंद केल्याचं संसदेत सांगितलं. इतर योजनांशी सरमिसळ होते, हे कारण दिलं. भाचीला तिच्या निवडीतून फेलोशिप मिळणार आहे, जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिपचा दर महिना ३७ हजार आहे, तेव्हा तिचं भागेल. पण माझ्या दोन माजी विद्यार्थिनींनी त्या योजनेच्या भरवशावर अर्ज करायचं ठरवलं होतं. एकीनं केला नाही. दुसरीचं लग्न झालं. मराठवाड्यातल्या मुस्लीम मुली संशोधनात का दिसत नाहीत यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी आधी या दोघींना विचारावं.

शेवटचा निर्णय अम्मीनं दिला. तिचं वय ब्याऐंशी. तिला सिद्दिकी, हक्सली, बेंझर यांत काही रस नव्हता. ती माशीवर अडकली होती.

"गरम करे तो गिरती?"

"हाँ नानी."

"फिर ठंडा करे तो उठती?"

"उठती."

अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत बसली. मग विचारलं, "कित्ते साल लगतें?" पाच-सहा. तिनं बोटांवर हिशेब केला, तो स्वतःच्या वयाचा असावा, आणि माझ्या मेहुण्यांकडे न पाहता म्हणाली, "जाने देव उसकू." मेहुणे सासूच्या शब्दाबाहेर नाहीत. त्याच रात्री अम्मीनं पत्र्याच्या पेटीतून एक पुडकं काढून भाचीला दिलं. जुन्या 'सियासत'च्या कागदात गुंडाळलेला डॉक्टरांचा कागद, आणि उरलेल्या गोळ्या. मला वाटत होतं, त्या कधीच फेकल्या गेल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला परभणी स्थानकावर सोडून आलो. पिशवीत जवसाची चटणी, कारळाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि ते पुडकं. मेहुणे गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभे होते आणि सारखं एकच सांगत होते, पानी उबाल के पीना.

आठ दिवसांनी त्यांचा मानवतहून फोन आला. दुकानात लोक विचारतात, पोरगी काय शिकते. "वो लफ्ज फिर से बोलो, भाईजान. मैं लिख लेता हूँ." मी मराठीत लिहून पाठवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, आणि उर्दूत? दारुल तर्जुमा असतं तर त्यांना पत्र टाकलं असतं. आता आमच्या शाळेतल्या उर्दूच्या सरांना विचारलंय. त्यांनी दोन शब्द सुचवलेत, आणि दोन्ही त्यांनाच पसंत नाहीत.